आठवीनंतरची दोन वर्षे

ऊसतोडीच्या हिशेबात माणसे मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तो ऊस तोडतो. ती पाचट काढते, मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते. मुकादमाची उचल मिळते ती जोडीला. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. त्यामुळे हंगामाआधी पोराचे लग्न उरकले की घरात एक कोयता वाढतो. वयात आलेल्या मुलीला फडावर न्यायची भीती आणि गावात मागे ठेवायचीही भीती, म्हणून तिचेही हात पिवळे करून आईबाप मोकळे होतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विशीतल्या, म्हणजे २० ते २४ वयाच्या स्त्रियांना लग्नाचे वय विचारले होते. अठराच्या आत लग्न झालेल्या महाराष्ट्रात २१.९ टक्के निघाल्या, बीडमध्ये ४३.७ टक्के आणि शेजारच्या परभणीत ४८ टक्के. त्याच सुमारास, २०१९ मध्ये, बीडच्या ऊसतोड स्त्रियांच्या शस्त्रक्रियांवर राज्यभर ओरड झाली आणि सरकारने समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. साधारण सहात एक. फडावर न्हाणी नाही, संडास नाही. पाळीतही मोळ्या वाहायच्या. एक दिवस बसले तर खाडा, आणि खाड्याचा दंड उचलीतून वळता. अंगावरून जायला लागले की खासगी दवाखाना, तिथे 'पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल' असे एक वाक्य, आणि मग शस्त्रक्रियेसाठी मुकादमाकडूनच आणखी उचल.

अशा एखाद्या बाईला आणखी तीन-चार वर्षे शाळा मिळाली असती तर तिची पिशवी वाचली असती का? सभा-समारंभात या प्रश्नाला फार लवकर 'हो' म्हटले जाते. शिक्षण हे आपल्याकडे सर्व दुखण्यांवरचे चाटण झाले आहे: बालविवाहावर शिक्षण, कुपोषणावर शिक्षण, व्यसनावरही शिक्षण. पण शाळेची वर्षे वाढली म्हणजे आरोग्य सुधारते, हे खरोखर सिद्ध करणे सोपे नाही. ज्यांनी तो प्रामाणिक प्रयत्न केला त्यांच्या हाती आलेली उत्तरे एकमेकांशी भांडणारी आहेत. या लेखाचा विषय ते भांडण आहे. माझ्या मते ते मिटवता येते, मात्र त्यासाठी 'शिक्षण' हा शब्द मोघम वापरायची सवय सोडावी लागेल.

वरवर पाहिले तर शंकेला जागाच नाही. जगभरातल्या शेकडो अभ्यासांची एकत्र मोजदाद करून 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये २०२४ साली आलेला निष्कर्ष असा, की शिक्षणाच्या प्रत्येक वाढीव वर्षागणिक प्रौढ वयातल्या मृत्यूचा धोका सुमारे १.९ टक्क्यांनी कमी दिसतो. अठरा वर्षे शिकलेल्याचा धोका अजिबात न शिकलेल्याच्या तुलनेत ३४ टक्क्यांनी कमी. अमेरिकेत अ‍ॅन केस आणि अँगस डीटन यांनी दाखवले, की पदवीधर आणि पदवी नसलेले यांच्या अपेक्षित आयुर्मानातले अंतर १९९२ मध्ये २.६ वर्षे होते, ते २०२१ मध्ये ८.५ वर्षांवर गेले. आकडे भरभक्कम आहेत. पण ते एवढेच सांगतात की शिकलेले जास्त जगतात. शिकल्यामुळे जगतात, हे त्यातून निघत नाही.

कारण दोन आक्षेप तयारच असतात, आणि दोन्ही रास्त आहेत. पहिला पैशाचा. ज्या घरात मुलगी बारावीपर्यंत शिकते त्या घरात नळ असतो, दूध असते, दवाखान्यापर्यंत न्यायला वाहन असते. मग श्रेय शाळेचे की नळाचे? दुसरा आक्षेप उलट्या गंगेचा: आजारी पोर शाळेत टिकत नाही, धडधाकट पोर टिकते, म्हणजे आरोग्यातून शिक्षण येते. हा आक्षेप कल्पनेतला नव्हे. अमेरिकेच्या दक्षिण भागात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शाळकरी मुलांपैकी सुमारे ४० टक्के मुलांच्या पोटात हुकवर्म होते. १९१० पासून रॉकफेलर आयोगाने गावोगाव औषध दिले, आणि जिथे जंत जास्त होते तिथे मुलांची शाळेतली हजेरी जास्त वाढली, असे हॉइट ब्लीकली या अर्थशास्त्रज्ञाने नंतर दाखवले. आपल्याकडे शाळेत जंताची गोळी देतात त्यामागे हेच शहाणपण आहे.

मग शिक्षण आणि पैसा, शिक्षण आणि प्रकृती यांची गाठ सोडवायची कशी? माणसांवर प्रयोग करता येत नाहीत. अर्ध्या मुलींना शाळेत पाठवा आणि अर्ध्यांना घरी बसवा, असे कोणी म्हणू शकत नाही. पण सरकारे अधूनमधून असा प्रयोग नकळत करून बसतात. एखाद्या वर्षी कायदा बदलतो, आणि आज जन्मलेल्याला जे मिळते ते काल जन्मलेल्याला मिळालेले नसते. दोघांची घरे सारखी, गाव तेच, पाणी तेच. फरक फक्त शाळेचा. इंडोनेशियाने तेलाच्या पैशातून १९७३ नंतरच्या पाच-सहा वर्षांत ६१ हजारांवर प्राथमिक शाळा बांधल्या. लुसिया ब्रेयरोवा आणि एस्थर डुफ्लो यांना आढळले, की या शाळांमुळे जे जास्त शिकले त्यांची मुले कमी दगावली, आणि त्यात आईइतकाच बापाच्या शिक्षणाचाही वाटा होता. झिंबाब्वेत १९८० साली स्वातंत्र्यानंतर कृष्णवर्णीयांना माध्यमिक शाळांची दारे उघडली. त्या वेळी जेमतेम चौदा वर्षांच्या असलेल्या मुलींना त्याचा लाभ झाला, थोड्या मोठ्या मुलींचा हुकला. लाभ झालेल्या मुली आई झाल्या तेव्हा त्यांच्या मुलांतले मृत्यूचे प्रमाण सुमारे २१ टक्क्यांनी कमी होते. बोत्स्वानात तर गोष्ट एकाच इयत्तेची. १९९६ मध्ये तिथे दहावीचे वर्ष वरच्या शाळेतून काढून खालच्या माध्यमिक शाळेला जोडले. म्हणजे दहावीसाठी दुसरीकडे प्रवेश मिळवायची अडचण संपली. ज्या पिढीला हे मिळाले तिच्यात माध्यमिक शिक्षणाच्या प्रत्येक वाढीव वर्षामागे एचआयव्हीची लागण ८.१ टक्केबिंदूंनी कमी झाली. मूळ प्रमाण २५.५ टक्के होते, म्हणजे घट जवळजवळ एक तृतीयांश. मुलींमध्ये ती आणखी मोठी. औषध नाही, लस नाही, नवे इस्पितळ नाही. एक इयत्ता जवळ आणली, इतकेच.

इथेच थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. पण याच पद्धतीने इंग्लंडमध्ये केलेली तपासणी नेमके उलटे सांगते. तिथे १ एप्रिल १९४७ रोजी शाळा सोडण्याचे किमान वय चौदावरून पंधरा झाले. १९३३ च्या मार्चअखेरीस जन्मलेले पोर चौदा भरल्यावर कारखान्यात जाऊ शकत होते; एप्रिलच्या पहिल्या दिवशी जन्मलेल्याला आणखी वर्षभर बाकावर बसावे लागले. घाईघाईने उभारलेल्या तात्पुरत्या वर्गखोल्यांत ही मुले बसली. त्या पिढीतली जवळजवळ निम्मी मुले केवळ कायद्यामुळे शाळेत राहिली, त्यामुळे असा स्वच्छ प्रयोग शोधून सापडणार नाही. डेमन क्लार्क आणि हेदर रॉयर यांनी जन्ममहिन्यानुसार या सगळ्यांच्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या आणि २०१३ मध्ये निकाल छापला: मिळकतीत थोडी वाढ, आयुष्यात फरक जवळपास शून्य. १९७२ मध्ये वय सोळा केले, त्याचाही मृत्यूंवर त्यांना ठळक परिणाम दिसला नाही. स्वीडनने १९४९ ते १९६२ या काळात टप्प्याटप्प्याने नऊ वर्षांची शाळा आणली. तिथेही आयुर्मान फारसे हलले नाही. १९७२ च्या ब्रिटिश बदलाने मधुमेहाचा आणि मृत्यूचा धोका कमी झाला असे सांगणारा २०१८ चा एक अभ्यास आहे, पण तो स्वेच्छेने नाव नोंदवलेल्या लोकांवरचा, आणि असे लोक मुळातच जरा प्रकृतीला जपणारे असतात. एकूण युरोपचा पुरावा 'शाळा वाढवा, आयुष्य वाढेल' या घोषणेच्या बाजूने नाही, हे मान्य करायला हवे. शिक्षणावर प्रेम करणारे लोक हा पुरावा सहसा सांगत नाहीत. तो लपवून त्यांची बाजू बळकट होत नाही.

बोत्स्वाना खरे की इंग्लंड? दोन्ही खरी. मेळ कसा बसतो ते कळायला नायजेरियातली दोन गावे पाहावीत. एकिती प्रांतात इडो नावाच्या गावात इस्पितळ होते, इसिनबोडेत नव्हते. बाकी दोन्ही गावे जवळपास सारखी. आय. ओ. ओरुबुलोये आणि जॉन कॉल्डवेल यांनी १९७५ मध्ये या गावांतल्या मृत्यूंची तुलना प्रसिद्ध केली. पुढे कॉल्डवेलनी तिचे सार असे मांडले: आई निरक्षर आणि दवाखाना हाताशी, तर आयुर्मानात २० टक्के भर, आई शिकलेली पण दवाखाना नाही, तर ३३ टक्के, आणि दोन्ही असतील तर ८७ टक्के. विसात तेहतीस मिळवले तर त्रेपन्न होतात. वरचे चौतीस कुठून आले? ते शाळा आणि दवाखाना यांच्या गुणाकारातून आले. या विषयातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आकडा हा चौतीस. शाळेमुळे माणसाला जे आहे ते हक्काने मिळवता येते. मिळवण्याजोगे काही नसेल तर त्या ताकदीचा उपयोग मर्यादित; आणि सगळे सगळ्यांना आधीच घरपोच मिळत असेल तरी मर्यादितच. इंग्लंडमधल्या त्या मुलांचे पाहा. एप्रिल १९४७ मध्ये एक वर्ष वाढले आणि ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली: डॉक्टर फुकट, सर्वांना, चौदाव्या वर्षी शाळा सोडलेल्यालाही. वाचता-लिहिता दोघांनाही आधीच येत होते. पंधराव्या वर्षाने त्यात भर घालायची ती कसली?

याची उलट बाजू आपल्याच ओळखीच्या एका आयुष्यात दिसते. आनंदीबाई जोशी चौदा वर्षांच्या असताना त्यांचे मूल दहा दिवसांत गेले. त्यांनी डॉक्टर व्हायचे ठरवले आणि १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातून पदवी घेतली. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत, बावीस पूर्ण व्हायच्या आत, क्षयाने त्या गेल्या. त्या काळातल्या सर्वांत शिकलेल्या मराठी बायकांतली एक, पण क्षयावर औषधच नव्हते. त्या एकट्याच दुर्दैवी होत्या असे नाही. ज्या अमेरिकेत त्या शिकल्या तिथल्या जनगणनांतून सॅम्युएल प्रेस्टन आणि मायकेल हेन्स यांनी शोधून काढले, की १८९०च्या दशकाच्या अखेरीस खुद्द डॉक्टरांच्या मुलांतले मृत्यू देशाच्या सरासरीपेक्षा जेमतेम ६ टक्क्यांनी कमी होते. १९२४ पर्यंत तो फरक सुमारे ३५ टक्के झाला. मधल्या काळात डॉक्टर काही अधिक प्रेमळ आईबाप झाले नव्हते. जंतूंचे ज्ञान पक्के झाले, दूध तापवायचे, हात धुवायचे हे कळले आणि त्या ज्ञानाचा फायदा आधी शिकलेल्या घरांनी उचलला.

पण शाळेतले नेमके काय कामाला येते? 'आरोग्याचे धडे' हे उत्तर पुराव्यात बसत नाही. मोरोक्कोतल्या मातांचा अभ्यास करून पॉल ग्लेवी यांनी १९९९ मध्ये दाखवले, की मुलांच्या प्रकृतीला उपयोगी पडणारे ज्ञान आयांनी शाळेत मिळवलेलेच नव्हते; शाळेने दिलेल्या अक्षर-अंकओळखीच्या जोरावर ते त्यांनी बाहेर मिळवले. रॉबर्ट आणि सारा लव्हीन यांनी नेपाळ, मेक्सिको, झांबिया आणि व्हेनेझुएला या चार देशांत असेच पाहिले: थोडी वर्षे शिकलेल्या बायकांना रेडिओवरची आरोग्याची सूचना अधिक नीट समजत होती. ओआरएसची पुडी घ्या. ती एक लिटर पाण्यात एकदम मिसळायची असते. घरोघर मात्र पेल्यात चिमूटभर टाकून उरलेली पुडी गुंडाळून ठेवतात, कारण लेकरू तेवढेच पिणार आणि पुडी वाया कशाला घालवायची, हा हिशेब वरकरणी शहाणपणाचा वाटतो. चिमूट जास्त झाली तर पाण्यात मीठ वाढते, कमी झाली तर उपयोग नाही. पुडीवरची ओळ वाचणे, लिटर म्हणजे किती ते ठाऊक असणे आणि छापलेले आपल्याला लागू आहे असे वाटणे, या तीन गोष्टी तिथे लागतात. तिसरी सर्वांत अवघड. अंगणवाडीतल्या कार्डावरची बाळाच्या वजनाची रेघ हिरव्यातून पिवळ्यात उतरली तर 'हे काय?' असे ताईला विचारणारी आई आणि कार्ड घडी घालून डब्यात ठेवणारी आई, यांच्यातला फरक फक्त वाचता येण्याचा नसतो.

कॉल्डवेलनी १९७९ मध्ये इबादानच्या आकड्यांवरून हेच मांडले होते: शिकलेली सून घरात बोलते, दुखणे ओळखते, सासूला न विचारता लेकरू उचलून दवाखान्यात नेते, आणि डॉक्टरही तिचे ऐकतो. शाळेने घरातली सत्ता जराशी सरकते. गावातलीही सरकते. केरळविषयी मानववंशशास्त्रज्ञ जोन मेन्चर यांनी १९८० मध्ये लिहिले होते, की प्राथमिक आरोग्य केंद्र चार दिवस डॉक्टरविना राहिले तर तिथले लोक थेट जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेतात. आपल्याकडे केंद्राला कुलूप दिसले की माणूस 'आज साहेब नाहीत' म्हणून परत फिरतो आणि खासगीची वाट धरतो. ऊसतोड बाईच्या गोष्टीत मला सर्वांत जास्त खुपते ती हीच जागा. 'पिशवी काढावी लागेल' हे ऐकल्यावर 'का?', 'दुसरा उपाय?', 'कागद दाखवा' हे तीन प्रश्न तिने विचारले नाहीत, कारण ते विचारायचे असतात हे तिला कुणी शिकवले नाही आणि ते विचारण्याइतकी पत तिच्याजवळ नव्हती. बीडमध्ये पुढे जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीविना ही शस्त्रक्रिया करू नये असा नियम आला. नियम चांगला आहे. तिने विचारायचे प्रश्न तो तिच्या वतीने सरकारी अधिकाऱ्याने विचारावेत असे सांगतो.

यावर महाराष्ट्रातूनच एक तगडा आक्षेप येतो. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले तेव्हा त्यांच्या आरोग्यसेविका बहुतेक निरक्षर, कितीतरी दलित. त्यांनी गावांचे आरोग्य पालटले. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या बायकांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवले. ३९ गावांत तीन वर्षांत नवजात मृत्युदर तुलनेतल्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली आला, आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने ते छापले. मग वर्गखोल्या, फळे, इयत्ता यांचे एवढे अवडंबर कशाला? मला वाटते, ही उदाहरणे माझ्या मुद्द्याच्या विरोधात जात नाहीत. जामखेडच्या सेविका पुन्हा पुन्हा केंद्रावर येत, एकत्र बसत, शिकत, गावात परत जाऊन बोलत. नाव शाळा नसले तरी ती शाळाच होती, आणि तिच्यामागे डॉक्टर उभे होते. शिवाय अशी माणसे हजार गावांना मिळत नाहीत. शाळा मात्र, बरीवाईट, प्रत्येक गावात आहे.

दुसरा आक्षेप गोव्याचा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत मधुमेह सर्वांत जास्त गोव्यात निघाला, २६.४ टक्के, केरळ २५.५ टक्के, आणि तळाला उत्तर प्रदेश, ४.८ टक्के. जास्त शिकलेली राज्ये जास्त आजारी? काही अंशी हे जगण्याचे भाडे आहे: गोव्यात अर्भकमृत्युदर २०२० मध्ये हजारी ५ होता आणि देशात २८, जो जगतो तोच मधुमेहापर्यंत पोचतो. काही अंशी हे सुबत्तेचे खाणे आणि खुर्चीचे काम आहे, आणि त्याची पहिली झळ शिकलेल्यांनाच लागते. पण ती तिथे थांबत नाही. याच पाहणीच्या २०१७ च्या टप्प्यात महाराष्ट्र, तमिळनाडू आणि चंडीगढच्या शहरांत मधुमेह वरच्या थरापेक्षा खालच्या थरात जास्त आढळला. शिकलेल्यांनी आधी साखर वाढवली, मग चालायला जाऊन कमी केली. वडापाव मात्र खाली पोचला होता. शिक्षण नेहमी आरोग्याच्याच कामी येते असेही नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, तरी सहा वर्षांपर्यंतच्या मुलींचे प्रमाण हजार मुलग्यांमागे २००१ मधल्या ९१३ वरून २०११ मध्ये ८९४ वर आले. सोनोग्राफीचा तो वापर अडाण्यांनी शोधला नव्हता. हवे ते मिळवण्याची ताकद शाळा देते. काय हवे ते ठरवून देत नाही.

मग कोणती वर्षे मोलाची? पुरावा सांगतो की जिथे अक्षरओळख आणि दवाखाना सगळ्यांना आधीच मिळतो तिथे शाळेचे आणखी एक वर्ष देऊन आरोग्य फारसे वाढत नाही. आठवीत गळणाऱ्या मुलीला नववी-दहावी दिली तर वाढते, आणि तेही तिच्याइतकेच तिच्या मुलांचे. आपला शिक्षणहक्क कायदा मात्र आठवीला थांबतो, बोत्स्वानाने जिथे पूल बांधला त्याच्याही अलीकडे. शिवाय खालची वर्षे तरी पक्की आहेत का? 'असर'च्या २०२२ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी ४२.८ टक्क्यांनाच दुसरीचा उतारा वाचता आला. ज्याला उतारा वाचता येत नाही त्याला पुडी कशी वाचता येईल? तरीही अशा शाळेचा काहीच उपयोग नाही म्हणणे घाईचे ठरेल. 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये २०२१ साली आलेल्या अभ्यासात दिसले, की लहानपणी ज्यांना शाळेतल्या दुपारच्या जेवणाचा पूर्ण लाभ मिळाला होता त्या मुली पुढे आई झाल्यावर त्यांची बाळे उंचीने सरस होती. खिचडीने एक पिढी ओलांडली. आणि वर्गात काहीही शिकवले गेले नाही तरी पंधरा-सोळा वर्षांची मुलगी तिथे बसलेली असते तोवर मांडवात नसते. हा शाळेचा सर्वांत कमी गौरवास्पद उपयोग असेल, पण बाळंतपणाच्या टेबलावर त्याची किंमत मोठी आहे.

यंदाही फराळाचे डबे रिकामे व्हायच्या सुमारास टोळ्या निघतील. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, गोधड्या, कोंबड्या, आणि पत्र्याच्या पेटीत कागद. त्यांत तान्ह्याचे लसीकरणाचे कार्ड असते आणि मोठ्या भावंडाचे, मिळाले असेल तर, शाळेने स्थलांतरित मुलांना द्यायचे शिक्षण हमी कार्ड. दोन्ही कार्डे दाखवायची तर फडापासून चालत जाण्याच्या अंतरावर एक उपकेंद्र आणि एक शाळा लागते, आणि त्या दिवशी दोन्ही ठिकाणी कुणी हजर असावे लागते. कार्डावर पुढच्या लशीची तारीख लिहिलेली असते. ती वाचता येणारे ट्रॉलीत कुणी असलेच, तर बहुधा आठवीतून उठवून आणलेली मुलगीच.